आटपाडीच्या खानावळीत अर्धी भाकरी

पुण्याहून कुठेही चार दिवस जाऊन आलं की आमच्या वाड्यातले लोक देवळांची चौकशी करत नाहीत, घाटांची करत नाहीत. जेवायची सोय कुठे बरी आहे एवढंच विचारतात. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून फिरून आल्यापासून मला जिन्यात भेटेल तो हेच विचारतोय. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. ज्यांना जायचंय त्यांनी वाचावं. ज्यांना जायचं नाही त्यांचं फारसं काही बिघडत नाही.

मी हौसेने गेलो नव्हतो हे आधीच सांगतो. आमची मुलगी नलिनी टेलिफोनच्या कचेरीत ऑपरेटर आहे. श्रावणात एके दिवशी जेवता जेवता तिने सांगितलं की तिला दत्तात्रय नावाच्या मुलाशी लग्न करायचं आहे. मुलगा ओव्हरसियर, नोकरी पुण्यातच. तिथवर ठीक होतं. वडील काय करतात विचारलं तर म्हणाली, आटपाडीला त्यांची खानावळ आहे. मी हातातला घास खाली ठेवला. आमचं घराणं मूळचं वाईचं, घरात चार पिढ्या पोथ्या आणि पंचांगं. खानावळवाल्याच्या घरी मुलगी द्यायची नाही, असं मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. नलू शांतपणे म्हणाली की तुमच्या मनाविरुद्ध करणार नाही, पण दुसऱ्या कुणाशीही करणार नाही. त्यानंतर दीड महिना आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

शेवटी सुमतीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, तोडगा काढला. दिवाळी झाल्यावर दोघांनी जाऊन यावं, आपण कोण ते न सांगता त्या खानावळीत जेवून यावं आणि मग काय ते ठरवावं. मी कबूल झालो, कारण तिथे नावं ठेवायला जागा मिळणार याची मला खात्री होती. मी सव्वीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासतो. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो.

सातारा

साताऱ्यात आम्ही दुपारी उतरलो. स्टँडसमोर एका मोठ्या हॉटेलावर 'शूद्ध शाकाहारी' अशी पाटी होती. जिथे शुद्ध हाच शब्द अशुद्ध आहे तिथे जेवायला बसू नये हा धडा मला तिथे मिळाला, पण जेवण झाल्यावर. राइसप्लेट आली. वरण इतकं पातळ की वाटीच्या तळाला कोरलेलं मालकाचं नाव सहज वाचता यावं. दह्याच्या वाटीत ताक होतं, ताकाच्या पेल्यात पाणी होतं आणि पाण्याच्या पेल्यात माशी होती. बटाट्याची भाजी मात्र भरपूर होती, कारण ती कुणी खात नव्हतं.

मालक गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होता की आमच्याकडे मंत्री जेवून गेले आहेत. ते परत आले का, असं मी विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि बडीशेपेची बशी स्वतःकडे ओढून घेतली.

संध्याकाळी कंदी पेढे घ्यायला निघालो. पेढे चांगले असतात हे मी नाकारत नाही. पण तिथला प्रत्येक दुकानदार शेजारच्याचे पेढे कसे खोटे आहेत हेच सांगतो. चार दुकानं फिरल्यावर चौघांच्याही साक्षीने साताऱ्यात खरा पेढा नाही असं सिद्ध झालं आणि मी हात हलवत परत आलो. सुमतीने मात्र पहिल्याच दुकानात पाव शेर घेऊन पिशवीत टाकले होते. तिने ते मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

कराड

कराडला फक्त सकाळ होती. स्टँडवर एका कळकट जागेत मिसळ खाल्ली. ती चांगली होती. त्याहून अधिक तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही आणि हीच तिची थोरवी. मालकाने मंत्र्यांचं नाव घेतलं नाही, पाटी लावली नाही, आणखी रस्सा हवा का एवढंच विचारलं. जाणाऱ्याने तिथे खावं. बसायला बाक एकच आहे आणि त्याचा एक पाय तोकडा आहे, हे लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही आणि रस्सा धोतरावर सांडला. डाग अजून आहे.

विटा

कराडहून विट्याच्या गाडीत शेजारी एक गृहस्थ बसले होते. बोटात दोन अंगठ्या, मांडीवर ट्रान्झिस्टर. विट्याकडची बरीच माणसं देशभरातल्या शहरांत सोनं गाळून शुद्ध करायची दुकानं चालवतात, त्यांतलेच हे एक. दुकान उत्तरेकडे कुठेतरी, गावी वर्षातून एकदा यायचं आणि आल्यावर गाव किती मागासलेलं आहे ते सगळ्यांना सांगायचं. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य मराठी आणि दोन हिंदी. आम्हाला विट्यात जेवायचं आहे म्हटल्यावर त्यांनी आमचा ताबाच घेतला. गावात आता बाहेरच्यासारखं हॉटेल झालंय, तिथेच चला, माझी ओळख आहे, असं म्हणून ते आमच्याबरोबर आत आले आणि आमच्याच टेबलाशी बसले.

हॉटेलात फॅमिलीसाठी वेगळी खोली होती. म्हणजे एक फडक्याचा पडदा, त्याच्यावर मागच्या सगळ्या फॅमिल्यांनी पुसलेले हात. सोनेवाल्यांनी आमच्यासाठी मटार-पनीर मागवलं. पनीर हा पदार्थ मी तोवर खाल्ला नव्हता. नासलेलं दूध बांधून, दाबून, घट्ट करून मसाल्यात सोडायचं आणि त्याला महागाचं नाव द्यायचं, असा तो प्रकार आहे. मटार कोरडे वाटाणे भिजवून केले होते आणि त्यांचा हिरवा रंग माझ्या बोटांना लागला. सोनेवाले दर घासाला 'एकदम फर्स्टक्लास' म्हणत होते. सोन्यातलं हीण ज्याला नुसत्या नजरेने कळतं त्याला ताटातलं कसं कळत नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

हात धुताना मी त्यांना सहज विचारल्यासारखं करून आटपाडीला जेवणाचं काय, असं विचारलं. ते हसले आणि हिंदी विसरून म्हणाले,

"आटपाडीला काय असणार हो? एका लांगऱ्याची खानावळ हाय. ताट एकच, भाजी एकच आन् मालक लय फटकळ. तिथं जाऊ नका."

लष्करातल्या स्वयंपाक्याला लांगरी म्हणतात हे मला तेव्हा कळलं. नलूने वडील लष्करात होते एवढंच सांगितलं होतं, हातात बंदूक होती की पळी ते सांगितलं नव्हतं. मुक्कामाच्या खोलीवर आल्यावर मी सुमतीला म्हटलं की आता पुढे जायचीसुद्धा गरज नाही, उद्या सकाळच्या गाडीने परत फिरू. ती पेढ्यांचा पुडा सोडत म्हणाली, "मुलगी द्यायची की नाही हे काय आमटीवरून ठरवणार आहात? माणसं तरी बघून येऊ." मग तिने मला एक पेढा दिला. चांगला होता.

आटपाडी

विट्याच्या पुढे हिरवा रंग हळूहळू संपतो. ऊस नाही, विहिरींवर मोटा नाहीत. माळ, बोरीबाभळी आणि मेंढरं. गाडीच्या खिडकीतून येणारी धूळ जिभेला लागते. पुण्यात आम्ही पाणी दोन तास उशिरा आलं की महानगरपालिकेला शिव्या देतो. इथे बायका डोक्यावर घागरी घेऊन चालताना दिसल्या आणि मैल मैल गेलो तरी विहीर काही दिसली नाही.

खानावळ स्टँडपासून हाकेच्या अंतरावर होती. पाटी नव्हती. पत्र्याचं छप्पर, सारवलेली जमीन, बसायला पाट. मालक म्हणजे दत्तात्रयचे वडील. त्यांना सगळे अण्णा म्हणत होते. साठीच्या आतले, ताठ, पांढऱ्या मिशा, वाढायला स्वतः. आत चुलीपाशी त्यांची बायको भाकऱ्या थापत होती. आम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाही. पितळी समोर ठेवली आणि वाढलं. बाजरीची भाकरी, हुलग्याची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि फोडलेला कांदा.

हुलगे म्हणजे आपण ज्याला कुळीथ म्हणतो ते. मी सुमतीला म्हटलं, "हे घोड्यांना घालतात." हळू म्हणालो नाही. शेजारी जेवणारे दोन ड्रायव्हर थांबले. अण्णांनी ऐकलं आणि माझ्या आमटीत पळीभर आणखी वाढलं. मग मी चटणी तिखट आहे म्हणालो, मीठ जाडं आहे म्हणालो, भाकरीला राख लागली आहे म्हणालो. राख खरंच होती. हे सगळं म्हणत मी अर्धी भाकरी खाल्ली. ती चांगली होती, पण ते कबूल करायला मी इतक्या लांब आलो नव्हतो.

राखेने हात खरखरीत झाले म्हणून मी जेवण अर्धवट सोडून उठलो. दाराशी पिंप आणि तांब्या होता. एक तांब्या हातांवर घेतला, दुसऱ्याने चुळा भरल्या, तिसरा धोतरावरच्या कराडच्या डागावर ओतला. चौथा बुडवला तेवढ्यात अण्णांनी माझं मनगट धरलं.

"पावनं, ते प्यायचं पाणी हाय. हात धुवायला एक तांब्या पुरं झाला."

मी हात सोडवला. म्हटलं, मी फुकट जेवत नाही, आणि खानावळवाल्याने गिऱ्हाइकाला हात कसे धुवायचे ते शिकवू नये. माझा आवाज चढलेला होता. अण्णांचा चढला नाही. ते माझ्या पाटापाशी गेले, उरलेल्या अर्ध्या भाकरीसकट माझी पितळी उचलली आणि आत नेऊन ठेवली. मग बाहेर येऊन म्हणाले, "तुमचं जेवान झालं."

असं मला आजवर कुणी उठवलेलं नाही. मी सुमतीला म्हटलं, "चल." तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझं व्हायचंय." आणि तिने आणखी आमटी मागितली.

मी एकटाच स्टँडवर जाऊन बसलो. ऊन टळटळीत होतं. भिंतीवर छोट्या कुटुंबाचा लाल त्रिकोण रंगवला होता आणि त्याच्याखाली एक मोठं कुटुंब सावलीला झोपलं होतं. मी स्टँडच्या कँटीनमधून चिवडा आणला. त्याच्या तेलाला वास येत होता, तो कुत्र्याला टाकला, कुत्र्याने हुंगला आणि तेही निघून गेलं. विट्याची गाडी आली आणि गेली. सुमती आली नाही. पहिली काही मिनिटं मी तिच्यावर चिडलो होतो, मग अण्णांवर, मग नलूवर. सगळ्यांवर चिडून झाल्यावर भूक लागली. आपण त्या माणसाला मनगट धरायला लावलं, हे तेव्हा कुठे मनात आलं. ते मी लगेच बाजूला सारलं, पण ते पुन्हा पुन्हा येत राहिलं.

तासाभराने सुमती आली, आणि तिच्याबरोबर अण्णा. सुमतीच्या हाताला पीठ होतं. जेवण झाल्यावर ती चुलीपाशी जाऊन बसली होती, दोघी बोलत बोलत भाकऱ्या करत होत्या आणि बोलता बोलता तिने आम्ही कोण ते सांगून टाकलं होतं.

अण्णा बाकावर बसले नाहीत. समोर उभे राहिले.

"तुमी नलिनीचं वडील हाय असं आत्ता कळलं," ते म्हणाले. "पाण्याचं बोललो ते मी माघारी घेत न्हाई. ते पाणी माझी बायकू पहाटं दोन मैलांवरनं आणती. पर ताट काढून घेतलं ते माझं चुकलं. अर्ध्या भाकरीवरनं माणूस उठवू न्हाई. तुमी कोण का असंना. चला, जेवून घ्या."

खरं सांगायचं तर मला त्यांनी हात जोडून माफी मागितली असती तर सोपं गेलं असतं. तशी माणसं मी रोज बघतो आणि त्यांना काय म्हणायचं ते मला येतं. हा माणूस आपली चूक तेवढी उचलत होता आणि माझी माझ्यापाशी ठेवत होता. मी उठलो आणि त्यांच्यामागे चालू लागलो.

तीच पितळी पुन्हा समोर आली, त्यात ती अर्धी भाकरी आणि वर एक नवी, गरम. दुपार कलली होती, खानावळीत आम्हीच होतो. अण्णांनी समोर पाट घेतला. मी जेवत होतो तोवर तेच बोलत राहिले. सतरा वर्षं पलटणीत रांधलं, बर्फात रांधलं, ताडपत्रीखाली रांधलं. पेन्शन घेऊन आल्यावर इथे खानावळ टाकली, कारण दुसरं काही येत नव्हतं. मुलाला शिकवलं ते हुलग्यावरच. घोडीही खातात हे बरोबर आहे, म्हणाले, म्हणून तर घोडी डोंगर चढतात.

मग त्यांनी मला न विचारता सांगितलं की या लग्नाला त्यांची संमती नव्हती. दत्तूने चार महिन्यांपूर्वी विचारलं तेव्हाच त्यांनी नाही म्हटलं होतं.

माझा घास हातात राहिला. मी दीड महिना घरात अबोला धरून या खानावळीला नाही म्हणत होतो आणि ही खानावळ माझ्याआधीच आम्हाला नाही म्हणून मोकळी झाली होती. मला राग आला. माझी मुलगी मॅट्रिकला केंद्रात तिसरी आलेली, स्वतःच्या पायावर उभी, तिला नाकारायला तिच्यात कमी काय आहे, असं मी विचारलं. ज्या लग्नाला मोडता घालायला मी आलो होतो त्याचीच वकिली मी करू लागलो होतो. सुमती चुलीकडे तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते.

अण्णा म्हणाले की तिच्या शिक्षणाबद्दल, नोकरीबद्दल काही म्हणणं नाही. पोरं पुण्यात राहतील, सुखात राहतील. पण सणावाराला सून या घरात येईल, या पाटावर बसेल. आमच्या हातचं खाताना तिने नाक मुरडलं तर म्हातारीला ते सोसणार नाही. शहरातल्या माणसांचा त्यांना अनुभव होता. आज दुपारी त्यात भर पडली होती.

मग ते थोडं पुढे वाकले आणि त्यांनी विचारलं, "आता खरं सांगा. पोरगी तुमच्यावर गेलीया का ह्यांच्यावर?"

सुमती वळली. चुलीपाशी त्यांची बायको थापायची थांबली. मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो की नलू माझ्यावर गेली आहे. माझ्यासारखीच चोखंदळ, माझ्यासारखीच नजर. मी तिच्याकडे कधी नीट बघितलं होतं का ते आठवू लागलो. आजारी शेजारणीकडे रोज डबा घेऊन जाणारी नलू आठवली. दीड महिना मी बोलत नसताना रोज सकाळी माझा चष्मा पुसून ठेवणारी नलू आठवली. यातलं माझ्यावर काय गेलं होतं?

"हिच्यावर गेलीय," मी म्हणालो.

अण्णांनी मान हलवली. "मग हरकत न्हाई," म्हणाले आणि उठून त्यांनी माझ्या पितळीत आणखी आमटी वाढली.

तेव्हा वाचकहो, आटपाडीला गेलात तर तिथे जरूर जेवा. भाकरीला राख लागलेली असते आणि मालक खरोखरच फटकळ आहे. ताट एकच मिळतं, पण त्यात खोटं काही नसतं. हात एका तांब्यात धुवावेत. ते जमतं, मी धुतले.

सांगली

सांगलीत आम्ही कृष्णेच्या घाटावर बसलो. इतकं पाणी नुसतं वाहत चाललेलं बघून मला पहिल्यांदाच कसंतरी झालं. जेवायला बाजारपेठेतलं एक नावाजलेलं हॉटेल निवडलं. त्याच्याविषयी थोडक्यात सांगतो. जेवणापेक्षा आरसे जास्त होते. आपण वाईट जेवतो आहोत हे चारी बाजूंनी दिसत होतं. तिथे जाऊ नका. त्याऐवजी भडंग विकत घ्या आणि नदीकाठी बसून खा.

संध्याकाळी हळदीच्या पेठेत गेलो. सगळा रस्ता पिवळा, माणसांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या. सुमतीला हळद हवी होती. लोडाला टेकलेल्या एका व्यापाऱ्याने आमच्यापुढे हळकुंडांचा ढीग सारला आणि ही पेठेतली सगळ्यात उत्तम, याच्यावर माल नाही, असं शपथेवर सांगितलं. मी एक हळकुंड मोडून बघितलं. वास कमी होता. मी तसं म्हटलं. मग त्याने विचारलं की हळद रोजच्या स्वयंपाकाला पाहिजे की लग्नाला.

सुमतीने माझ्याकडे बघितलं.

"लग्नाला," मी म्हणालो. "मुलीच्या."

व्यापाऱ्याने मला नमस्कार केला, पुढचा ढीग हाताने बाजूला सारला आणि चांगली हळद आणायला तो आत गेला.